महिना एकशे अठरावा

दर महिन्याच्या वीस तारखेनंतर
विहिरी हजेरी देऊ लागतात.

धरणगावात, स्टेशन रोडला, खताच्या दुकानावर
काबराशेठचं ऑफिस. चार कॉम्प्युटर, एक कूलर.
आज कूलरमध्ये पाणी ओतायची पाळी माझी.

माझ्या तक्त्यात अकराशे चाळीस विहिरी,
समुद्रापलीकडच्या. पाहिली एकही नाही.
त्या दोन मैल सरळ खाली जातात
आणि मग आडव्या होतात.
पिंजारींच्या रुक्सानाने मला हे
स्वतःचा हात कोपरात वाकवून दाखवलं होतं,
बांगड्या घसरून मनगटाशी आल्या होत्या.
"इथे," ती म्हणाली, बोटांची टोकं हलवत,
"इथे दगड फोडतात, पाण्याने."

पहिला महिना, अठरा हजार पिंपं.
बारावा, पाच.
छत्तिसावा, दोनाला थोडे कमी.
सातपुड्यावरून पालकडून उतरावं तसं,
पोटात गोळा येतो आधी,
आणि मग तापीकाठचं सपाट.
सपाट.
सपाट, कुठे संपतं ते उन्हात दिसत नाही.

तीस वर्षं चालेल, असं कंपनीच्या कागदावर.
आमच्यातली सगळ्यांत थोरली विहीर पंधराची.
उरलेल्या पंधरा वर्षांची रेघ
मी तुटक काढते, टिंबाटिंबांची,
काबराशेठ ती जाड करायला सांगतात.

आप्पा सव्वीस वर्षं सरकीच्या तेलमिलात होते,
एक्स्पेलरवर.
जेवताना विचारतात,
"आते कितलं निंघस?"
मी आकडा सांगते. पिंपाचे लिटर करून सांगते.
आप्पा भाकरीचा तुकडा तसाच धरून ठेवतात.
"आन पेंड?"
पेंड नसते, आप्पा. खारं पाणी येतं,
जुन्या विहिरीला तर तेलाच्या चौपट.
ते पुन्हा जमिनीतच ढकलतात.
"मंग ढोरे काय खातीन?"

मी हसले. आई हसली नाही.

आप्पांची वही अजून फळीवर आहे,
क्विंटलला किती तेल, किती पेंड, किती घट,
घट म्हणजे धूळ, वाफ, आणि दादर्‍याच्या खिशातलं,
असं ते म्हणायचे, आणि दादर्‍या शेजारीच बसलेला असायचा.
मिल बंद झाली त्या दिवशी लिहिलंय
सरकी आली नाही.
पुढची सहा पानं नुसत्या तारखा.

बॅजर क्रीक सात ही मला पहिल्याच आठवड्यात मिळाली.
नववा महिना चालू होता तिचा, मलाही नोकरीत नववा दिवस.
मधे कधी तिने शून्य दिलं, वादळ होतं म्हणे,
मधे एकदा अचानक दुप्पट,
मी "तपासावे" लिहिलं, आणि तपासल्यावर कळलं
तिकडे कुणीतरी शेजारणीचं तेल हिच्या नावावर टाकलंय.
इतकी वर्षं एकमेकींना ओळखून
माणसंही एवढीच चुकतात.

एकशे पंधराव्या महिन्यात, तीनशे दहा.
एकशे सोळा, शून्य.
एकशे सतरा, शून्य.
तिसरं शून्य आलं की लाल रंग द्यायचा
आणि शेवटच्या रकान्यात लिहायचं, बंद.
नियम साधा आहे, मीच नव्या पोरांना शिकवते.

आज पंचवीस. सगळ्यांची हजेरी झाली.
तिच्या नावापुढे काहीच आलेलं नाही,
शून्यसुद्धा नाही.
"शून्यच धर," काबराशेठ जिन्यातून म्हणाले,
"कार्यक्रम आटप, वीज जाईल."

पण पहिल्या दिवशी त्यांनीच सांगितलं होतं,
रिकामं म्हणजे शून्य नव्हे.
शून्य कुणीतरी जाऊन, बघून, लिहिलेलं असतं.

मी रकाना तसाच ठेवला.
तुटक रेघ एक टिंब पुढे नेली.
मग बादली घेऊन खाली गेले,
नळाला धार अगदी बारीक होती,
भरेपर्यंत उभी राहिले.